सेनापती कोणाच्या घरचा? १९७८ सालची एक नेमणूक



दुबईतल्या जुन्या लोकांना 'डिफेन्स राउंडअबाउट' हे नाव अजून आठवत असेल. आता त्या जागी उड्डाणपुलांचं जाळं आहे, पलीकडे दुबई मॉल आणि बुर्ज खलिफा. नव्या टॅक्सीवाल्याला 'डिफेन्सला सोड' म्हटलं तर तो आपल्या तोंडाकडे बघत बसतो. पण २००४ साली बुर्जचं काम सुरू होण्याआधी त्या बाजूला लष्करी छावणी होती आणि चौकाला नाव पडलं ते त्या छावणीवरूनच. आता साधा प्रश्न असा, की ती छावणी कोणाच्या सैन्याची? देशाच्या की दुबईच्या?

आपल्याला भारतातून आल्यावर हा प्रश्नच चमत्कारिक वाटतो. देश एक म्हणजे सैन्य एक, त्यात विचारायचं काय! पण इथे हा प्रश्न चांगली पंचवीस वर्षं अधांतरी होता आणि १९७८ साली एका नेमणुकीवरून तो इतका पेटला की सात वर्षांचं हे कोवळं संघराज्य टिकतं की नाही अशी वेळ आली. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील किंवा काका तेव्हा इथे नोकरीला होते, काही तर 'द्वारका' बोटीने मुंबईहून आलेले. त्यांना याचा फारसा पत्ता नसावा. (ग्रुपवर राजकारण नको हा आपला नियम मला माहीत आहे. ही गोष्ट जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीची आहे आणि इतिहासाच्या पुस्तकांत छापलेली आहे, तेव्हा चालवून घ्यावी.)

दरवर्षी ६ मे ला इथल्या पेपरांत सशस्त्र दलांच्या एकीकरणाच्या वर्धापनदिनाचे संदेश येतात. ६ मे १९७६ ला अबू मुरेखा इथे सगळी सैन्यं एक करण्याचा निर्णय झाला, त्याची ती आठवण. अबू मुरेखा म्हणजे तेच, जिथे १४ फेब्रुवारी २०२४ ला बीएपीएसच्या हिंदू मंदिराचं उद्घाटन झालं. आपण मंडळी दर्शनाला जातो, फोटो काढतो, पण या परिसराचा हा दुसरा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. पेपरातला संदेश वाचून असं वाटतं की १९७६ ला सही झाली आणि काम फत्ते. प्रत्यक्षात खरी गोष्ट त्या सहीनंतर सुरू होते.

आधी थोडी मागची हकीकत. ब्रिटिशांनी १९५१ साली शारजात 'ट्रुशियल ओमान लेव्हीज' नावाचं एक छोटं दल उभं केलं. १९५६ मध्ये त्याचं नाव 'ट्रुशियल ओमान स्काउट्स' झालं. अधिकारी ब्रिटिश, शिपाई बरेचसे अरब, आणि त्या काळी इथलं चलन म्हणजे चक्क आपला रुपया. काम मर्यादित होतं. टोळ्यांची भांडणं आवरायची, वाटमारी थांबवायची, तेल शोधायला आलेल्या लोकांना संरक्षण द्यायचं. या दलावर कुठल्याही शेखचा हुकूम चालत नसे, आणि म्हणूनच सगळ्यांना ते चालत असे.

पुढे अबू धाबीला तेल लागलं. १९६२ पासून निर्यात सुरू झाली आणि १९६५ मध्ये अबू धाबीने स्वतःचं 'अबू धाबी डिफेन्स फोर्स' काढलं. जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने जाहीर केलं की १९७१ च्या अखेरीला आम्ही आखातातून निघणार. मग काय, ज्याला परवडेल त्याने सैन्य उभं करायला घेतलं. दुबईचं झालं, रास अल खैमाचं झालं, नंतर शारजानेही नॅशनल गार्ड काढलं. २ डिसेंबर १९७१ ला संघराज्य जन्माला आलं आणि त्याच महिन्यात स्काउट्स नव्या सरकारच्या हवाली होऊन त्यांचं 'युनियन डिफेन्स फोर्स' झालं. म्हणजे देशाचं एक सैन्य, शिवाय अमिरातींची आपापली. त्यात अबू धाबीचं सैन्य देशाच्या सैन्यापेक्षा कितीतरी मोठं! त्यांच्याकडे लढाऊ विमानं होती, ती चालवायला पाकिस्तानी हवाई दलातून आलेले लोक होते.

आणि हे सगळं कायदेशीर होतं बरं का. १९७१ ची घटना तात्पुरती होती, पाच वर्षांपुरती. तिच्या १४२ व्या कलमात प्रत्येक अमिरातीला स्थानिक सुरक्षा दल ठेवण्याचा हक्क दिला होता.

असा हक्क का द्यावा लागला? कारण या लोकांच्या आठवणी ताज्या होत्या. १९४५ ते १९४८ या काळात हद्दीवरून अबू धाबी आणि दुबई यांच्यात खरोखरची लढाई झाली होती. शेख राशिद तेव्हा दुबईचा कारभार बघत होते आणि शेख झायेद तिशीच्या आसपासचे होते. म्हणजे १९७१ ला ज्या दोघांनी हातात हात घालून देश काढला, त्यांनी ती लढाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. दोघांचं एकमेकांशी चांगलं होतं. १८ फेब्रुवारी १९६८ ला वाळवंटातल्या तंबूत बसून त्यांनीच पहिल्यांदा एकत्र यायचं ठरवलं होतं. पण चांगलं असणं वेगळं आणि आपल्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणं वेगळं.

शिवाय संघराज्याच्या पहिल्याच वर्षी दोन प्रसंग असे घडले की सैन्य कशाला लागतं ते सगळ्यांना कळलं. जानेवारी १९७२ मध्ये शारजाचे पदच्युत शेख सक्र बिन सुलतान हत्यारबंद माणसं घेऊन राजवाड्यात घुसले आणि सत्तेवर असलेल्या शेख खालिद यांचा त्यात खून झाला. युनियन डिफेन्स फोर्सने राजवाड्याला वेढा घातला आणि बंडखोरांची शरणागती घेतली ती बावीस वर्षांच्या संरक्षणमंत्र्याने, म्हणजे दुबईच्या शेख मोहम्मद बिन राशिद यांनी. त्याच वर्षी फुजैरा आणि शारजा यांच्यात जमिनीच्या एका तुकड्यावरून चकमक झाली, त्यात वीसेक माणसं मेली. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, इथे थेट बंदुका निघाल्या.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. छत्रपती शाहूंच्या काळी आपली अवस्था वेगळी नव्हती. 'सेनापती' हे पद तळेगावच्या दाभाड्यांकडे, पण फौज प्रत्येक सरदाराची आपापली, आणि तिच्या खर्चासाठी नेमून दिलेला मुलूखही आपापला. गुजरातच्या चौथाईवरून बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांचं बिनसलं आणि १ एप्रिल १७३१ ला डभईच्या लढाईत खुद्द सेनापती पेशव्याच्या फौजेशी लढताना पडला. एकाच छत्रपतींचे दोन सेवक! शाहू महाराजांनी उमाबाईंची समजूत घातली, सेनापतिपद दाभाड्यांच्याच घरात यशवंतरावांना दिलं, आणि गुजरातची खरी सत्ता हळूहळू गायकवाडांकडे गेली. पद एका घरात आणि ताकद दुसऱ्या घरात, ही व्यवस्था आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

तर १९७६. तात्पुरत्या घटनेची पाच वर्षं संपत आली होती. शेख झायेद वैतागले होते. केंद्राच्या खर्चाचा मोठा वाटा अबू धाबी उचलत होतं आणि बाकीचे आपापलं तेल, आपापली बंदरं, आपापलं सैन्य सांभाळून बसले होते. त्यांनी सरळ सांगितलं की असंच चालणार असेल तर मी पुन्हा अध्यक्ष होणार नाही. ही धमकी लागू पडली. घटना दुरुस्त झाली, १४२ वं कलम बदललं आणि सैन्य उभारण्याचा हक्क फक्त संघराज्याचा असं ठरलं. मे मध्ये एकीकरणाचा निर्णय झालाच होता. अबू धाबीचे युवराज शेख खलिफा उपसरसेनापती झाले. संरक्षणमंत्री दुबईचे शेख मोहम्मदच राहिले. आणि चीफ ऑफ स्टाफच्या खुर्चीवर आणून बसवला जॉर्डनचा एक अधिकारी. ही निवड मला फार हुशारीची वाटते. बाहेरचा माणूस, कुठल्याच घरचा नाही, म्हणून कोणाचीच हरकत नाही.

पण जमिनीवर काय झालं? तीन प्रादेशिक कमांड तयार झाल्या. पश्चिम कमांड म्हणजे पूर्वीचं अबू धाबीचं सैन्य. मध्य कमांड म्हणजे दुबईचं सैन्य. उत्तर कमांड म्हणजे रास अल खैमाचं. माणसं तीच, बराकी त्याच, साहेब तेच, हुकूम येणार तोही त्याच वाड्यातून. बदलल्या त्या पाट्या. आपल्याकडे कंपन्यांचं मर्जर होतं तेव्हा लेटरहेड बदलतं आणि दोन्हीकडचे लोक पुढची दोन वर्षं आपापल्या जुन्या बॉसलाच रिपोर्ट करत राहतात, तसलाच प्रकार.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारी १९७८ च्या सुरुवातीला अबू धाबीहून फर्मान निघालं. शेख झायेद यांचे दुसरे चिरंजीव शेख सुलतान बिन झायेद यांची सशस्त्र दलांच्या सरसेनापतिपदी नेमणूक झाली. त्याबरोबरच प्रादेशिक कमांडचं वेगळेपण संपवून सगळं सैन्य अबू धाबीतल्या मुख्यालयाखाली आणायचं ठरलं. शेख सुलतान यांचा जन्म १९५५ चा. म्हणजे वय तेवीसच्या घरात. ते ब्रिटनमधल्या सँडहर्स्टला शिकून आलेले होते, तेव्हा अगदीच लष्कराचा गंध नसलेले होते असं नाही. आणि वयाचं म्हणाल तर दुबईला त्यावर बोलायची सोय नव्हती, कारण त्यांचा स्वतःचा संरक्षणमंत्री बावीसाव्या वर्षी मंत्री झालेला होता.

दुबई भडकली. शेख राशिद देशाचे उपाध्यक्ष, त्यांचा एक मुलगा पंतप्रधान, दुसरा संरक्षणमंत्री, आणि सैन्याचा सरसेनापती नेमला जातो तो त्यांना विश्वासात न घेता! निदान दुबईचं म्हणणं तरी हेच होतं. त्यांनी नेमणूक मानायला साफ नकार दिला. मध्य कमांड अबू धाबीच्या हुकमाखाली जाणार नाही असं सांगितलं. रास अल खैमाचे शेख सक्र बिन मोहम्मद हे दुबईच्या बाजूने उभे राहिले.

इथे जरा थांबून दोन्ही बाजू बघू या, कारण नुसतं 'दुबई फुटीर' किंवा 'अबू धाबी दादागिरी करणारी' असं म्हणून भागत नाही.

दुबईचं म्हणणं घटनेला धरून होतं. सर्वोच्च परिषदेत सात शासक बसतात, आणि महत्त्वाच्या विषयावर पाच मतं लागतात. त्या पाचांत अबू धाबी आणि दुबई हे दोघे असलेच पाहिजेत, असं ४९ वं कलम सांगतं. म्हणजे या दोघांना नकाराधिकार आहे. संघराज्यात येताना दुबईने मागून घेतलेली मुख्य हमी तीच. मग सैन्याचा सर्वांत मोठा अधिकारी नुसत्या फर्मानाने नेमला आणि हमी बाजूला पडली, तर उद्या बंदर, परवा तेल, तेरवा कस्टम्स. शेख राशिद हे हाडाचे व्यापारी राज्यकर्ते होते. क्रीक खोदून रुंद केली, पोर्ट राशिद बांधलं, लोक नको म्हणत असताना जेबेल अलीचं काम काढलं. कराराचा कागद ही त्यांच्यासाठी पवित्र वस्तू होती.

झायेद यांची बाजूही तितकीच खरी. ज्या देशात तीन-चार सैन्यं आहेत तो देश किती दिवस देश राहतो? दाखला बघायला लांब जायला नको होतं. लेबनॉनमध्ये १९७५ पासून यादवी पेटली होती, प्रत्येक पुढाऱ्याची आपापली सेना, आणि तिथे शांतता राखायला गेलेल्या अरब दलात इथलीच एक तुकडी होती. तिथे त्यांनी जे पाहिलं ते त्यांना घरी नको होतं. शिवाय १९७१ ला संघराज्याच्या दोन दिवस आधी इराणने तीन बेटं ताब्यात घेतली तेव्हा ब्रिटिश बघत बसले होते. आपलं आपल्यालाच बघावं लागणार, हा धडा झायेद यांनी घेतला होता.

माझं स्वतःचं मत विचाराल तर तत्त्व झायेद यांचं बरोबर होतं आणि रीत चुकली. एक सैन्य हवं हे खरं, पण त्या सैन्याचा पहिला सरसेनापती आपलाच मुलगा असला की 'एक सैन्य' याचा अर्थ समोरच्याला 'तुमचं सैन्य' असा ऐकू येतो. जॉर्डनच्या माणसाला खुर्चीवर बसवण्यात जो शहाणपणा होता तो दोन वर्षांत कुठे गेला कोण जाणे.

वर्षभर हे घोंगडं भिजत पडलं. १९७९ उजाडलं आणि पलीकडे इराणमध्ये शहा पळाला, क्रांती झाली. आखातातल्या सगळ्याच शेखांची झोप उडाली. फेब्रुवारीत मंत्रिमंडळ आणि फेडरल नॅशनल कौन्सिल यांनी मिळून सर्वोच्च परिषदेला एक निवेदन दिलं. सैन्य खरोखर एक करा, उत्पन्न एकत्र आणा, अंतर्गत हद्दी काढा, अशा मागण्या त्यात होत्या. मार्चमध्ये परिषदेची बैठक भरली तेव्हा एकीच्या बाजूने विद्यार्थी आणि लोक रस्त्यावर उतरले. इथे! मोर्चे! आज सांगूनही खरं वाटणार नाही. दुबई आणि रास अल खैमाने ते निवेदन मानलं नाही, नंतर बैठकीवर बहिष्कारही घातला.

गंमत बघा, त्याच फेब्रुवारीत इंग्लंडची राणी एलिझाबेथ दुबईत येऊन वर्ल्ड ट्रेड सेंटरचं उद्घाटन करून गेली. १०० दिरहमच्या जुन्या कागदी नोटेवर जी इमारत आहे तीच ती. तेव्हाची ती सगळ्यात उंच इमारत, आजूबाजूला नुसती वाळू. फिती कापल्या जात होत्या, फोटो निघत होते, आणि देश राहतो की मोडतो हे त्याच दिवसांत ठरत होतं. आपल्याकडे अशा वेळी निदान अग्रलेखांचा पाऊस पडला असता.

मोडला असता तर? यावर कोणी फार लिहीत नाही, पण आपल्यासारख्यांनी क्षणभर विचार करायला हरकत नाही. अबू धाबीचा व्हिसा वेगळा, दुबईचा वेगळा. शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्या हजारो लोकांनी रोज सकाळी पासपोर्ट दाखवायचा. चलनही कदाचित वेगळं. यात कल्पनाविलास नाही, १९६६ साली भारताने रुपयाचं अवमूल्यन केल्यावर अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला होता आणि दुबईने कतारबरोबर स्वतःचा रियाल काढला होता. एकच दिरहम आला तो १९७३ मध्ये. म्हणजे १९७८-७९ ला तो जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता.

शेवटी कुवेत मध्ये पडलं. परराष्ट्रमंत्री शेख सबाह अल अहमद (पुढे ते कुवेतचे अमीर झाले) यांनी दोन्हीकडे खेपा घातल्या. तोडगा निघाला तो असा. ३० एप्रिल १९७९ ला शेख राशिद स्वतः पंतप्रधान झाले, आपल्याच मुलाच्या, शेख मक्तूम यांच्या जागी. जो माणूस केंद्राच्या हातात जास्त सत्ता द्यायला तयार नव्हता त्याच्याच हातात केंद्राचा कारभार दिला. पुढे अबू धाबी आणि दुबई या दोघांनी तेलाचं निम्मं उत्पन्न केंद्राला द्यायचं कबूल केलं.

आणि सैन्याचं? सैन्याचं कोणी नावच काढलं नाही. दुबईची मध्य कमांड तिथेच राहिली, नावाने देशाची आणि व्यवहारात दुबईची. सरसेनापतिपदावरून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शेख सुलतान दूर झाले. पुढे ते बरीच वर्षं उपपंतप्रधान होते, १८ नोव्हेंबर २०१९ ला वारले.

इथे मला आपल्या थोरातांची आठवण येते. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत डीएसओ मिळवणारे, कोरियात भारतीय कस्टोडियन फोर्सचं नेतृत्व करणारे. १९५७ पासून ते ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी चीनचा हल्ला ईशान्येत कसा येईल आणि तो अडवायला किती सैन्य लागेल याचा अहवाल वर पाठवला. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यावर 'लाल किल्ला' नावाचा सराव घेतला. थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो अहवाल म्हणजे निष्कारण घबराट वाटली. मे १९६१ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरातांना आणावं अशी त्यांची शिफारस होती. थिमय्या आणि मेनन यांचं आधीच इतकं फाटलेलं होतं की १९५९ ला थिमय्यांनी राजीनामा दिला होता आणि नेहरूंच्या सांगण्यावरून परत घेतला होता. त्यामुळे थिमय्यांची शिफारस हीच थोरातांची अडचण ठरली असणार. नेमणूक झाली जनरल थापर यांची. ज्येष्ठतेने थापर पुढे होते हेही सांगायला हवं, म्हणजे कागदावर काहीच चुकलं नव्हतं.

पुढचं आपल्याला पाठ आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२, मेनन गेले, थापर गेले, आणि यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला गेले. थोरात लष्करप्रमुख असते तर युद्ध जिंकलो असतो असं मी म्हणणार नाही, कारण रस्ते, बूट आणि बंदुका नेमणुकीने येत नाहीत. पण धोका कुठून येणार हे लिहून देणारा माणूस तेव्हा सैन्यात खुर्चीवर नव्हता, घरी होता.

दुसरं उदाहरण १९८३ चं, तेही मराठी माणसाचं, फक्त उलट बाजूने. उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ होते. इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना डावलून जनरल अरुणकुमार वैद्य यांना नेमलं. विरोधकांनी गदारोळ केला, सिन्हा मुदतीआधी निवृत्त झाले. वैद्य कमी होते असं कोणीच म्हणणार नाही, १९६५ आणि १९७१ अशा दोन युद्धांत त्यांना महावीरचक्र मिळालेलं. पण जून १९८४ चं ब्लू स्टार त्यांच्या कारकिर्दीत झालं आणि १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. ज्या खुर्चीसाठी भांडण होतं तिची किंमत ज्याला ती मिळाली त्याने अशी चुकवली.

ही दोन उदाहरणं इथल्या गोष्टीशेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो. थोरात की थापर, सिन्हा की वैद्य, हा वाद कितीही कडवट झाला तरी सैन्य कोणाचं यावर कोणाच्या मनात शंका नव्हती. डावलला गेलेला माणूस राजीनामा देतो किंवा कोल्हापूरला शेती बघायला जातो. त्याच्या मागे कमांड जात नाही. आणि हे आपोआप झालं नव्हतं. स्वातंत्र्यानंतर संस्थानांची सैन्यं बरखास्त झाली किंवा भारतीय सैन्यात मिसळली, त्यात कोल्हापूरची राजाराम रायफल्सही होती, पुढे ती मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. ते काम सुरुवातीलाच उरकलं म्हणून पुढच्या नेमणुकांची भांडणं फक्त नेमणुकांची राहिली. इथे क्रम उलटा झाला. सेनापती आधी नेमला, सैन्य एक व्हायचं होतं.

ते एक झालं तेव्हा फारसा आवाजही झाला नाही. शेख राशिद ७ ऑक्टोबर १९९० ला गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सद्दामने कुवेत गिळला होता, आणि छोट्या देशाचं काय होऊ शकतं हे सगळ्यांनी बघितलं होतं. १९९३ मध्ये शेख मोहम्मद बिन झायेद चीफ ऑफ स्टाफ झाले. म्हणजे पुन्हा झायेद यांचाच मुलगा! पण या वेळी दुबईतून वादळ उठलं नाही. १९९६ मध्ये घटना कायमची झाली, पंचवीस वर्षं तिला 'तात्पुरती' म्हणत होते. आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुबईची मध्य कमांड अखेर देशाच्या सैन्यात विरघळली. डिफेन्स राउंडअबाउटच्या शेजारची ती मोक्याची जमीन इमारतींना मोकळी झाली त्यामागे हाही इतिहास आहे.

एक सैन्य म्हणजे काय, ते सप्टेंबर २०१५ मध्ये दिसलं. येमेनमधल्या मारिबला क्षेपणास्त्राचा हल्ला झाला आणि इथले पन्नासहून अधिक सैनिक एका दिवसात गेले. त्यांतले पुष्कळ रास अल खैमा, फुजैरा, अजमान अशा उत्तरेकडच्या घरांतले. ज्या रास अल खैमाने १९७८ ला अबू धाबीचा सेनापती नाकारला होता, तिथली पोरं अबू धाबीहून आलेल्या हुकमावर लढायला गेली होती. अबू धाबी आणि दुबईचे शेख त्या घरोघरी जाऊन तंबूत बसले होते, हे त्या वेळी आपण टीव्हीवर पाहिलं आहे.

आणि संरक्षणमंत्रिपद? ते १९७१ पासून दुबईच्या मक्तूम घराण्यातच आहे. शेख मोहम्मद बिन राशिद २००६ मध्ये दुबईचे शासक आणि पंतप्रधान झाल्यावरही ते खातं त्यांनी सोडलं नाही. जुलै २०२४ मध्ये ते त्यांनी आपल्या मुलाकडे, शेख हमदान यांच्याकडे दिलं. एप्रिल २०२५ मध्ये शेख हमदान दिल्लीला आणि मुंबईला येऊन गेले तेव्हा मराठी पेपरांत त्यांचा उल्लेख 'दुबईचे युवराज' म्हणून होता, पण दिल्लीत राजनाथ सिंह यांच्यासमोर ते बसले होते ते देशाचे संरक्षणमंत्री म्हणून. सरसेनापती अबू धाबीचा, संरक्षणमंत्री दुबईचा, ही १९७१ ची वाटणी अजून तशीच आहे.

असो. बरंच लांबलं. आपल्यापैकी कोणाचे आई-वडील १९७८-७९ च्या सुमाराला इथे असतील तर त्यांना जरूर विचारा, तेव्हा बाजारात, कंपनीत, कॅम्पमध्ये काही कुजबुज कानावर आली होती का. मार्च १९७९ चे मोर्चे कोणी बघितले असतील तर मला वाचायला फार आवडेल.